हत्यार आणि अवजार : रानात जाणाऱ्याच्या खिशातला चाकू



व्याख्यानमालेच्या चालकांनी मला विषय विचारला, तेव्हा मी ‘चाकू’ असे उत्तर दिले. पलीकडे क्षणभर शांतता पसरली. कामगार संघटनेचा माणूस किमान वेतनावर बोलेल, फार तर संपावर बोलेल, अशी त्यांची अपेक्षा असावी. संघटनेचा माणूस आणि चाकू ही जोडी ऐकून कोणाच्याही मनात भलतेच चित्र उभे राहते. हे चित्र का उभे राहते, आणि ते उभे राहिल्यामुळे कोणाचे नुकसान होते, हाच माझ्या आजच्या बोलण्याचा शेवट असणार आहे. सुरुवात मात्र साध्या व्यवहाराची आहे. आपल्यापैकी पुष्कळजण ताडोब्याला जातात, आलापल्लीच्या सागवनातून पुढे भामरागडला जातात, नोकरीनिमित्त एटापल्लीला, सिरोंच्याला फिरतात. तरुण मुले हल्ली घरपोच मालाच्या दुकानातून घडीचे चाकू मागवतात. तो घ्यावा का, कसा पारखावा, कशासाठी वापरावा आणि कशासाठी वापरू नये, एवढे आधी सांगतो.

आपल्या भाषेत ‘हत्यार’ हा एकच शब्द दोन घरी नांदतो. सुतारमिस्त्री पोऱ्याला म्हणतो, “हत्यारं आण रे,” तेव्हा त्याला रंधा आणि पटाशी हवी असते. फौजदार म्हणतो, “हत्यार सापडले,” तेव्हा ऐकणाऱ्याच्या अंगावर काटा येतो. खंडेनवमीला राजाने तलवार पुजली आणि कामगाराने पाना पुजला. हळदकुंकू दोघांना एकच. वस्तू तीच असते. ती कोणाच्या हातात आहे आणि बघणारा कोण आहे, यावर तिचे नाव ठरते. हा शब्द ध्यानात ठेवा, आपल्याला पुन्हा त्याच्याकडे यायचे आहे.

माझे स्वतःचे शिक्षण या बोटाने केले. हे उजव्या हाताचे पहिले बोट पूर्ण वाकत नाही. मी तेव्हा पंचविशीत होतो आणि गडचिरोलीच्या रानात बांबूतोडीच्या मजुरांबरोबर हिंडत होतो. कमरेला कोयता बांधणे मला कमीपणाचे वाटे. शहरात चार दिवस राहिलो होतो ना! म्हणून आठवडी बाजारात एक चकचकीत घडीचा चाकू घेतला होता. एका संध्याकाळी बांबूच्या पेरात त्याचे टोक खुपसून मी जोर दिला. टोक अडकले, मूठ पुढे गेली आणि पाते उलटून माझ्याच बोटावर मिटले. दवाखाना सात कोस दूर. शेजारच्या म्हाताऱ्या मजुराने लुगड्याच्या चिंधीने बोट घट्ट बांधले आणि शांतपणे म्हटले, “बाबू, जे मिटते ते दाबायचे नसते.” चाकूविषयी मी पुढे पुष्कळ वाचले, पण या वाक्याच्या पलीकडे फारसे काही सापडले नाही.

रानातल्या माणसाचे खरे अवजार घडीचे नसतेच. गोंड, माडिया घरातला पुरुष खांद्याला कुऱ्हाड अडकवून निघतो, बाई कमरेला विळा खोचते, बुरडाच्या हाती कोयता असतो. या तिन्ही वस्तूंत पाते आणि मूठ यांच्यामध्ये सांधा नाही. सांधा नाही म्हणून तो मोडत नाही, त्यात माती जात नाही, आणि घाव घातला तर पूर्ण जोर कामाला लागतो. घडीच्या चाकूचे सगळे वजन एका बारीक खिळीवर तोललेले असते. त्या चाकूने फांदी फोडणे, दगडाने पाठीवर ठोकणे, डब्याचे झाकण उचकटणे म्हणजे खिळीचा खून करणे होय. तेव्हा पहिली गोष्ट ही की, केवळ रानातच राहायचे असेल, तर घडीचा चाकू घेऊ नका. लोहाराकडून एक लहान, मुठीत पक्का बसवलेला कोयता करून घ्या.

मग घडीचा चाकू कोणाचा? जो रान आणि गाव यांच्यामध्ये सारखा ये-जा करतो त्याचा. सकाळी एस. टी., दुपारी पायवाट, संध्याकाळी कचेरी असा ज्याचा दिवस आहे, तो शिक्षक, तो वायरमन, तो टपालवाला, ती आरोग्यसेविका, आणि संघटनेचा फिरता माणूस. उघडे पाते घेऊन गर्दीच्या गाडीत बसणे शहाणपणाचे नाही. ते मिटून खिशात जाते, ही घडीच्या चाकूची एकमेव थोरवी. त्याची कामेही तेवढीच : सुतळी कापणे, कांदा चिरणे, पेन्सिलीला टोक काढणे, काटा काढण्यापूर्वी कापड फाडणे, वायरचे आवरण सोलणे, बांबूची कांब तासणे. यांतल्या एकाही कामाला चार बोटांपेक्षा लांब पाते लागत नाही.

जगात जे घडीचे चाकू नावाजले ते सगळे या साध्या माणसांसाठीच निघाले. फ्रान्समधल्या साव्हॉय प्रांतात जोसेफ ओपिनेल याने १८९० साली लाकडी मुठीचा एक चाकू केला, तो डोंगरातल्या शेतकऱ्यांच्या खिशात गेला. १९५५ साली त्याच्या गळ्याशी एक फिरते कडे बसवले गेले. ते फिरवले की पाते मिटत नाही. स्वित्झर्लंडमध्ये कार्ल एल्सनर याने १८८४ साली कारखाना काढला आणि १८९१ मध्ये सैन्याला चाकू पुरवले. त्या सैनिकी चाकूत डबा फोडण्याचे पाते आणि बंदुकीचे पेच काढण्याची पट्टी होती. म्हणजे सैनिकाच्या खिशातही अखेर अवजारच गेले. आपल्याकडे रामपूरचा चाकू प्रसिद्ध झाला, पण दुर्दैवाने तो सिनेमातल्या गुंडाच्या हातून प्रसिद्ध झाला. नऊ इंच आणि त्याहून लांब पात्याचा तो चाकू कायद्याच्या कचाट्यात सापडला, आणि ज्या कारागिरांचे हात तो घडवत होते ते हात रिकामे झाले. २०२३ साली रामपुरात एका चौकात सुमारे २० फूट उंचीचा चाकू स्मारकासारखा उभा केला गेला. स्मारक उभे राहिले की समजावे, धंदा आडवा झाला.

आता दुकानात चाकू हातात आला असता काय पाहावे? मी पाच कसोट्या सांगतो.

पहिली, खटका. पाते उघडल्यावर ते आपोआप अडकले पाहिजे आणि मुद्दाम सोडवल्याशिवाय मिटता कामा नये. नुसत्या कमानीच्या ताणावर उभे राहणारे चाकूही असतात. ते फळ कापायला ठीक, पण टोकाने जोर द्यायचा असेल तर माझे बोट आठवा. पाते उघडून त्याची बोथट पाठ लाकडी फळीवर हलकेच दाबून पाहावी, आणि हे करताना बोटे पात्याच्या वाटेत ठेवू नयेत. खटका कुरकुरला किंवा घसरला, तर चाकू परत द्यावा.

दुसरी, सांधा. उघडे पाते चिमटीत धरून डावीकडे-उजवीकडे हलवावे. ते डगडगले तर सहा महिन्यांत निकामी होणार. मिटल्यावर पाते दोन्ही बाजूंच्या मधोमध बसले पाहिजे.

तिसरी, मूठ. चारही बोटे मुठीवर मावली पाहिजेत. गुळगुळीत चकाकणारी मूठ घामाने निसटते, आणि आपल्याकडचा मे महिना तुम्हाला ठाऊक आहे. लाकूड, शिंग किंवा खरबरीत प्लॅस्टिक यांपैकी काहीही चालेल.

चौथी, पात्याचा आकार. तीन ते साडेतीन इंच लांब, पाठीला साधारण दोन ते तीन मिलिमीटर जाड, धार सरळ. करवतीसारखे दात असलेले, काळे रंगवलेले, वाघाचे किंवा कवटीचे चित्र असलेले पाते घेऊ नये. दात बोथटले की ते आपल्या निसण्यावर लागत नाहीत, आणि चित्राने दोरी कापली जात नाही.

पाचवी, पोलाद. यात दोन जाती समजून घ्याव्यात. साध्या पोलादाला धार लवकर लागते आणि ती घरच्या दगडावर लागते. पण ते गंजते. ज्या पोलादात शेकडा साडेदहाच्या वर क्रोमियम असते त्याला आपण स्टेनलेस म्हणतो. ते सहसा गंजत नाही, पण पुष्कळदा धार लावायला दमवते. साध्या पोलादाने कैरी किंवा हिरडा कापला तर पाते निळेकाळे पडते. ते पाहून घाबरू नये. हिरड्यातला तुरटपणा आणि लोखंड यांच्या संयोगानेच आपल्या पणजोबांची शाई होत असे. तो काळा थर पात्याचे थोडेफार रक्षणच करतो. तांबडा गंज मात्र वैरी. जो मनुष्य रोज पाते पुसेल त्याने साधे पोलाद घ्यावे. जो विसरेल त्याने स्टेनलेस घ्यावे. यात कमीपणा नाही. पावसाळ्यात पर्लकोटेला पूर येऊन भामरागडची वाट बंद होते, चार-चार दिवस कपडे वाळत नाहीत, तिथे शिस्तीचा मनुष्यही हरतो.

धारेविषयी थोडे. बोथट चाकू सुरक्षित असतो ही मोठी चुकीची समजूत आहे. बोथट चाकूला जोर लागतो, जोर दिला की तो घसरतो, आणि घसरला की तो लाकडात न जाता हातात जातो. धार लावताना पाते दगडावर किती तिरके धरावे, यासाठी भूमितीचे पुस्तक नको. पाते आधी दगडावर सरळ उभे धरा, हा काटकोन. त्याच्या निम्मे कलते करा. त्याच्याही निम्मे करा. साडेबावीस अंश झाले, एवढे पुरे. दोन्ही बाजूंना सारखे हात मारावेत. धार अंगठ्यावर न पाहता कागदावर पाहावी. बांबूत वाळूच्या जातीचे द्रव्य, सिलिका, मुरलेले असते. म्हणून बांबू कापणाऱ्याची धार लाकूड कापणाऱ्यापेक्षा लवकर जाते. ठेकेदाराचा मुकादम जेव्हा म्हणतो, “हे मजूर अर्धा वेळ दगडावर घासत बसतात,” तेव्हा त्याला हे ठाऊक नसते, किंवा ठाऊक असूनही तो बोलत नाही.

सांध्यात तेल कोणते घालावे? आपल्या भागात जवस पिकतो, घरात जवसाचे तेल असते, आणि हौशी मनुष्य तेच ओततो. ते करू नये. जवसाचे तेल हवेत वाळून घट्ट होते. म्हणूनच ते रंगात आणि लाकडाला लावायला चालते. लाकडी मुठीला ते जरूर चोळा. सांध्यात मात्र शिलाई-यंत्राच्या तेलाचा एक थेंब टाका.

आता चाकूने काय करू नये. हा भाग मी हात जोडून सांगतो, कारण यात जिवाचा प्रश्न आहे.

साप चावला तर चाकू जखमेला लावू नका. चिरा देऊन विष काढावे, तोंडाने ओढावे, वर दोरी आवळावी, हे आपण गोष्टींत आणि पडद्यावर इतके पाहिले आहे की ते शास्त्र वाटू लागले. ते शास्त्र नव्हे. चिऱ्याने विष निघत नाही. घोणशीच्या विषाने रक्त गोठेनासे होते, आणि तेव्हा तुम्ही दिलेला चिराच वाहत राहतो. नाग, मण्यार, घोणस, चावणारा कोणीही असो, औषध एकच : दवाखान्यात मिळणारी प्रतिविषाची लस. चाकूचे काम एवढेच की, त्याने बांबूची एक कांब कापा, धोतराची पट्टी फाडा, चावलेला हात किंवा पाय मोडल्यासारखा समजून कांबेला सैल बांधा, अंगठी, कडे, जोडवे काढा, आणि माणसाला चालू न देता उचलून न्या. तसेच, बाळंतपणात नाळ कापायला खिशातला चाकू कधी काढू नये. त्यासाठी निर्जंतुक केलेले नवे पाते लागते.

आणि वाघ. चंद्रपूर जिल्ह्यात चाकूविषयी बोलायचे आणि वाघाचे नाव घ्यायचे नाही, हे शक्य नाही. एप्रिल-मे आला की मोहफूल आणि तेंदूपत्ता. सत्तर पानांचा एक पुडा, तो भरायला बाई पहाटे निघते आणि दिवसभर वाकलेली असते. २०२५ च्या मे महिन्यात सिंदेवाही तालुक्यात तेंदूपत्ता तोडायला गेलेल्या तीन बायका एकाच दिवशी वाघाच्या हल्ल्यात गेल्या. त्यांच्या जवळ विळा होता की नव्हता, हा प्रश्नच निरर्थक आहे. तीन इंच पात्याने वाघ अडत नाही, आणि खिशात चाकू आहे या भरवशावर जो मनुष्य एकटा आत शिरतो, त्याचे तो चाकू नुकसानच करतो. तिथे उपयोगी पडते ते माणसांचे टोळके, मोठ्याने बोलणे, उजाडल्यावर जाणे, मावळायच्या आत परतणे, आणि वाघाचा वावर कुठे आहे याची वेळेवर मिळालेली खबर. म्हणजे बघा, रानातली खरी सुरक्षितता लोखंडात नाही, सोबतीत आहे. मी संघटनेचा माणूस म्हणून हे म्हणतो असे वाटेल. पण कोणताही गुराखी तुम्हाला हेच सांगेल.

आता कायदा. १९५९ च्या शस्त्र कायद्याखालील नियमांत नऊ इंचांहून लांब किंवा दोन इंचांहून रुंद पात्याचा चाकू शस्त्रांत मोडतो. पण घरगुती, शेतीच्या, शास्त्रीय वा औद्योगिक कामासाठी घडवलेली वस्तू त्यातून वगळली आहे. काही ठिकाणी याहून कडक बंधने आहेत. दिल्लीत १९८० च्या अधिसूचनेने बटणाने उघडणाऱ्या आणि गरारीच्या चाकूंवर लहान लांबीपासूनच बंदी आली. आपल्या राज्यात १९५१ च्या पोलीस कायद्याच्या ३७ व्या कलमाखाली जमावबंदीसारखा हुकूम निघाला, तर चाकूच काय, काठी घेऊनही फिरता येत नाही. विमानात तो हातच्या पिशवीत नेता येत नाही. आणि १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा शस्त्राची व्याख्या करताना बंदूक, धनुष्यबाण, सापळा यांच्या रांगेत चाकूलाही बसवतो, आणि अभयारण्यात लेखी परवानगीशिवाय शस्त्र नेण्यास मनाई करतो. राष्ट्रीय उद्यानालाही तेच लागू. म्हणजे ताडोब्याच्या दारात तुमच्या खिशातला फळे कापायचा चाकू कायद्याच्या भाषेत शस्त्र होतो. तो मुक्कामाच्या जागी ठेवून जावे. वाद घालू नये.

इथे मी सुरुवातीच्या शब्दावर परत येतो. कायदा कागदावर सर्वांना सारखा असतो. दारावर तो सारखा राहतोच असे नाही. मी पुष्कळ नाक्यांवर उभा राहिलो आहे. मोटारीतून आलेल्या पाहुण्याच्या कातडी पिशवीत सहा इंची परदेशी चाकू असतो. त्याची पिशवी कोणी उघडत नाही. मागून कुऱ्हाड खांद्याला लावून चालत आलेला मनुष्य मात्र थांबवला जातो, “कुठं चाललास?” असे एकेरीत विचारले जाते. १९२७ च्या वन कायद्याप्रमाणे वनगुन्ह्याचा संशय आला तर लाकडाबरोबर अवजारेही जप्त करता येतात. पाहुण्याचा चाकू गेला तर त्याची हौस गेली. मजुराची कुऱ्हाड गेली तर त्याची रोजी गेली. कारण बहुतेक ठिकाणी अवजार मजुराचेच असते, धार त्याचीच, मोडले तर भुर्दंडही त्याचाच. एकाचे ते ‘हत्यार’ असूनही अवजार समजले जाते, दुसऱ्याचे अवजार असूनही ‘हत्यार’ ठरते.

हे बदलू शकते, आणि याच मुलखात ते बदललेले आहे. धानोरा तालुक्यातल्या मेंढा-लेखा गावाला २००६ च्या वनहक्क कायद्याखाली २००९ साली सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. पुढे बांबू वाहून नेण्याचे परवाने ग्रामसभेनेच द्यावेत की नाही यावर बराच झगडा झाला आणि २०११ च्या एप्रिलमध्ये वाहतूक-पासांचे पुस्तक ग्रामसभेच्या हाती आले. कोयता तोच होता, बांबू तोच होता, हातही तेच होते. काल ज्या तोडीला जप्तीची भीती होती ती आज गावाची कमाई झाली. पोलादात काही फरक पडला नव्हता. फरक पडला तो मालकीत.

म्हणून माझे मागणे लहान आहे. बांबूच्या आणि तेंदूच्या दराचा हिशेब होतो तेव्हा अवजाराचा खर्च, धारेचा वेळ, पायातला बूट आणि हातातला मोजा हेही त्या हिशेबात धरावेत. आणि आपण जी शहरातली मंडळी आहोत, त्यांनी चाकू घ्यायचाच असेल तर एकदा आपल्या गावच्या लोहाराकडे जावे. सुरजागडच्या डोंगरातले लोखंड गाड्या भरभरून बाहेर जाते आणि त्याच रस्त्याने परमुलखातले चाकू खोक्यांतून परत येतात. आमचा लोहार मात्र ट्रकच्या जुन्या पाट्याचे पोलाद तापवून, पाणी देऊन, आजही असे पाते काढतो की जे तुमच्या मुलाच्याही कामी येईल.

चाकू घेतलात तर तो पुसून ठेवा, धार राखून ठेवा, दुसऱ्याच्या हाती देताना मूठ त्याच्याकडे करून द्या. वाटेत कुऱ्हाड खांद्याला लावलेला मनुष्य भेटला तर त्याच्याकडे तुमच्या खिशातल्या चाकूइतक्याच विश्वासाने पाहा. तोही कामालाच निघालेला असतो.